सत्तावीस दवंड्या

हे मी या मंगळवारपर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही, आणि ती गेली एकवीस वर्षं माझ्या शेजारी बसून टीव्ही पाहते. सहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, अहेरीच्या पुढे जंगलातल्या एका लहान आरोग्य केंद्रात फ्रीज बंद पडला आणि लहान मुलांच्या लसी वाया गेल्या. त्याचं खापर तिथल्या सिस्टरबाईंवर फुटलं. जे उरलं ते आमच्या थोरल्या साडूंनी आपण होऊन स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं. चूक त्या दोघांचीही नव्हती. माझी होती, आणि ती एका नावाची होती. मुलांना काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो; त्यांना पंधरा दिवसांनी पुन्हा यावं लागलं, इतकंच. पण हे "इतकंच" मी पंख्याखाली बसून लिहितोय. लेकराला कडेवर घेऊन नाला उतरायचा, चढायचा, आणि सुई न टोचताच परत फिरायचं. लेकरांना त्या दिवशी आनंद झाला असेल, त्यांच्या आयांना नाही.

नावाचा विषय निघाला की सुरुवात थोरल्या साडूंपासूनच करावी लागते. चंद्रपूर-गडचिरोलीत वाघ किती ते वनखात्याला ठाऊक. पण वाघापेक्षा चुकीच्या नावाला जास्त भिणारा माणूस या दोन जिल्ह्यांत एकच आहे, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. चंद्रपुरातल्या त्यांच्या घरात पाऊल टाकलं की पाहुण्याला पाणी मिळण्याआधी वाचायला मिळतं. पंख्याच्या बटणाखाली कागदाची पट्टी: "हे दाबल्यावर पंखा फिरतो, लाईन असली तर." कूलरवर: "थंड हवा देतो. मे महिन्यात फक्त हवा देतो." स्वयंपाकघरात डब्यावर नुसतं "तिखट" लिहिलेलं त्यांना चालत नाही, कारण तिखट हे वस्तूचं नाव झालं, कामाचं नाही, म्हणून एका डब्यावर "रोजच्या भाजीचं" आणि दुसऱ्यावर "जावयांना न झेपणारं" असं लिहिलंय. त्या घरात जावई म्हणावा असा मी एकटाच येतो, तेव्हा तो दुसरा डबा कुणासाठी आहे हे मला विचारावं लागलेलं नाही. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, एकदा वैतागून म्हणाली, "माह्या कपाळावर पन लावून टाका एक चिठ्ठी, हे काय करते म्हनून." थोरले साडू खरंच विचारात पडले. मग म्हणाले, "एका चिठ्ठीत नाई बसनार जी."

त्यांचा धंदा ऐकला की लोकांना हे जास्तच विचित्र वाटतं. ते ऑपरेटिंग सिस्टीम लिहितात. एखाद्या यंत्राच्या पोटात कोणतं काम आधी, कोणतं नंतर, कोणाला किती जागा, हे सगळं घर चालवणारी जी व्यवस्था असते, ती. हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीत ते अठरा वर्षं हेच करत होते. तिथली नोकरी त्यांनी का सोडली हे ते कुणालाही, अगदी बसमध्ये शेजारी बसलेल्यालाही सांगतात. तिथे प्रोग्रामच्या एका भागाला कुणीतरी "मॅनेजर" असं नाव दिलं होतं. त्याच्या हाताखाली आणखी तीन मॅनेजर होते, त्यांच्या हाताखाली "हेल्पर" होते आणि एक नुसताच "कॉमन" होता. साडूंनी बैठकीत उभं राहून विचारलं, यातला कोण काय करतो ते एका वाक्यात सांगा. पाऊण तास चर्चा झाली. वाक्य काही निघालं नाही. "मास्तर, बँकेतला मॅनेजर काय करते हे आजवर कोनाले समजलं काय? मंग यंत्राले कसं समजन?" असं म्हणून त्यांनी राजीनामा दिला आणि बिऱ्हाड घेऊन चंद्रपूरला आले. मला ते मास्तर म्हणतात, कारण मी पूर्वी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत असे. मी त्यांना भाऊजी म्हणतो. कॉलेज बंद पडल्यावर त्यांनीच मला बोलावलं, "इथी या, दोघं मिळून करू."

करायचं होतं ते असं. जंगलातल्या आरोग्य केंद्रांमध्ये लसींचे फ्रीज असतात. लाईन जाते, येते, परत जाते. फ्रीज ठरल्यापेक्षा गरम झाला तर लगेच कळायला हवं, म्हणजे लसी बर्फाच्या पेटीत हलवता येतात. त्यासाठी साडूंनी एक डबा तयार केला: आत एक बारीकसं यंत्र, वर सौर पट्टी, बाजूला भोंगा. बाजारातली तयार सिस्टीम त्यांना नको होती. "तिले शंभर कामं येते. आपल्याले सहा पाहिजे. बाकीचे चौऱ्यानव आत बसून काय करून राह्यले, कोन पाहन?" म्हणून सहा कामांची सिस्टीम त्यांनी स्वतः लिहायला घेतली. अक्षरं इंग्रजी, नावं आपली. यंत्राच्या आठवणीतली जागा वाटणाऱ्या भागाचं नाव "जागा देणारा". काम झाल्यावर ती काढून घेणाऱ्याचं "जागा परत घेणारा". कामांना रांगेत उभं करणारा तो "नंबर लावणारा". साडू फोनवर मला ओरडून सांगत, "मास्तर, परत घेनाऱ्यानं जागा घेतली पन सोडूनच नाई राह्यला," तेव्हा शेजारचे निवृत्त तलाठी कुंपणापाशी येऊन ताईला हळूच विचारत, सातबारा कुणाच्या नावावर आहे.

नाव ठरवायची त्यांची रीत अशी की प्रोग्रामचा नवा भाग लिहून झाला तरी त्याला लगेच नाव नाही. नुसता नंबर. बारा दिवस त्याच्याकडे पाहायचं, तो खरोखर काय करतो ते ओळखायचं, आणि बाराव्या दिवशी बारसं. "पोरगं रडकं हाये का हासरं, हे बारा दिवसात समजते. पैल्याच दिवशी नाव ठेवलं तं ते आपल्या हौसेचं होते, त्याचं नाई होत." बारशाला ताई खरोखर घुगऱ्या करायची. चार बायकांनी पाळणा हलवावा तसे आम्ही दोघं माना हलवत पडद्यासमोर बसायचो.

पण बारशाआधी परीक्षा असे. योजलेलं नाव घेऊन साडू रविवारच्या बाजारात जात. तिथे मूलच्या बाजूच्या एका खेड्यातून एक बाई बांबूचे कोवळे कोंब विकायला येते. आमच्याकडे त्यांना वास्ते म्हणतात. तिला कॉम्प्युटरशी काही देणंघेणं नाही, म्हणूनच साडूंचा तिच्यावर भरवसा. एकदा त्यांनी "राखणदार" हे नाव नेलं. सगळी सिस्टीम अडकून पडली तर तिला गदागदा हलवून जागं करणारा एक भाग असतो. जगभर त्याला राखणीच्या कुत्र्याच्या नावानं ओळखतात. साडूंनी विचारलं, "बाई, राखनदार म्हनलं तं तो काय करन?"

"राखन करन, अजून काय करन." तिनं वास्ते मोजून पिशवीत टाकले. "अन् मंग झोपन."

"झोपन?"

"माह्या वावरातला झोपतेच नं भाऊ. रानडुकरं येऊन खाऊन जाते, अन् सकाळी तो मलेच इचारते, कोन आलतं म्हनून."

साडूंचा चेहरा पडला. "मंग जो झोपत नाई त्याले काय म्हनता?"

"त्याले जागल्या म्हनते. पन तसा आता भेटत नाई. भेटला तं सांगा."

त्या भागाचं नाव "जागल्या" झालं, आणि आजतागायत तो एकदाही झोपलेला नाही. साडू तिला पुढच्या रविवारी मुद्दाम सांगायला गेले, "भेटला बाई एक." तिनं विचारलं, "जेवन काय घेते?"

आता माझा भाग. फ्रीज गरम झाला की भोंगा वाजवायचा, हे काम माझ्याकडे होतं. भोंग्याचं सामान यायला उशीर झाला, म्हणून मी तेवढ्यापुरतं अर्धं लिहिलं: फ्रीज गरम झाला की दर दहा मिनिटांनी वेळ आणि तापमान लिहून ठेवायचं. वाजवायचं मागाहून जोडू. बारा दिवस साडूंना दुसऱ्याच कामाची घाई होती. त्यांनी त्या भागाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. बाराव्या दिवशी कोरपन्याला माझ्या चुलतभावाचा साखरपुडा होता. बॅग दारात भरून ठेवलेली, रिक्षा सांगितलेली, घुगऱ्यांना फोडणी पडलेली. नावाची परीक्षा आदल्या रविवारी होऊनच गेली होती. बाजारातल्या बाईला त्यांनी "दवंडी" हे नाव विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, "साऱ्या गावाले आयकू येते ते. बहिऱ्यालेबी. कोतवाल त्याच्या कानापाशीच येऊन बोंबलते." साडू खूश होते. इतकं चपखल नाव त्यांना वर्षात सापडलं नव्हतं. मला त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "मास्तर, काय करते हे?"

मी म्हणालो, "फ्रीज गरम झाला की ओरडून सांगतं."

"होते नं तसं?"

"होतं."

बारा दिवसांत अर्धंच झालं, हे त्या घुगऱ्यांसमोर माझ्या तोंडून निघालं नाही. एवढीच गोष्ट. साखरपुड्याहून आल्यावर जोडू, असं मनाशी म्हणालो. आल्यावर दुसरं काम निघालं. भोंगा आला, साडूंनी तो नुसत्या सेलवर वाजवून पाहिला आणि स्वतः कथलाचा डाग देऊन डब्याला जोडला. सिस्टीम लिहिताना त्यांना जिथे जिथे इशारा हवा होता तिथे त्यांनी "दवंडी" लिहिलं आणि आत काय आहे ते उघडून पाहिलं नाही. दुसरा कुणी असता तर त्यानं पाहिलं असतं. पण आमच्या घरात नाव पास झालं की आत पाहायची पद्धतच नव्हती. आत पाहावं लागू नये म्हणून तर नाव. त्यात यंत्र दर वेळी आपल्या वहीत लिहून ठेवायचं ते त्या भागाच्या नावानंच: "दवंडी दिली." नुसती नोंद करणाऱ्या भागाला मी दवंडी म्हणू दिलं होतं.

उन्हाळ्यात अहेरीपुढच्या त्या केंद्रातून फोन आला. फ्रीज साडेचार तास गरम होता. मी निघण्याआधी गुपचूप दोन ओळी लिहिल्या, वाजवण्याच्या. जुनं-नवं लिखाण सांभाळून ठेवायचं काम माझ्याकडेच असल्यानं मागमूस राहिला नाही. तिथे पोचल्यावर साडू फ्रीजच्या मागे वाकून तारा तपासत होते, तेवढ्या वेळात मी ते नवं लिखाण डब्यात भरलं. चार मिनिटं लागली. मग साडूंनी फ्रीज गरम झाल्याचं यंत्राला भासवून भोंगा वाजवून पाहिला. तो असा वाजला की आवारातल्या शेळ्या पळाल्या.

बाहेरून आलेले साहेब खुर्चीवर बसले होते. त्यांच्या हातात यंत्राची वही होती: "दवंडी दिली", "दवंडी दिली", सत्तावीस वेळा, दर दहा मिनिटांनी, न चुकता. सिस्टरबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. "साहेब, मी तं बाजूच्याच खोलीत होती. गरोदर बाया तपासून राह्यली होती. आवाज आला असता तं मी धावली नसती काय?"

"सत्तावीस वेळा वाजलंय, बाई. यंत्र खोटं बोलतं का?"

साडू पुढे झाले. "साहेब, जोडनी माही हाये. तार हलली असन, आता बसली असन. चूक माही, बाईची नाई." साहेब हसले. म्हणाले, तुम्ही भले गृहस्थ आहात, पण आत्ता माझ्या कानांनी ऐकलं मी. सिस्टरबाईंना मेमो मिळाला. मी दोन ओळी घातल्या नसत्या तर भोंगा तिथे सगळ्यांसमोर मुका राहिला असता, आणि त्या सुटल्या असत्या. हे मला परतीच्या वाटेवर, आलापल्लीच्या जवळपास कळलं. तिथून चंद्रपूरपर्यंत पुरेसा रस्ता होता. मी तो नुसता पाहत आलो.

त्यानंतर थोरल्या साडूंचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला. आधी त्यांनी घरातल्या यच्चयावत जोडण्या उकलून पुन्हा डाग दिले. रेडिओ, इस्त्री, ताईचा मिक्सर. मिक्सर तेव्हापासून चटणी वाटताना मधेच थांबून विचार करतो. मग त्यांनी मोटरसायकल काढली. जिथे जिथे आमचे डबे होते तिथे तिथे जाऊन प्रत्येक भोंग्याची तार तोडून ते नव्यानं जोडू लागले. दर उन्हाळ्याच्या तोंडावर, सगळे डबे, सहा वर्षं. पहिल्या फेरीत, त्यांनी तपासण्याआधीच, मी बाकीच्या डब्यांतही त्या दोन ओळी गुपचूप भरल्या. गाडीवर ते पुढे आणि मी मागे, मांडीवर डाग द्यायच्या इस्त्रीची, म्हणजे सोल्डरिंग आयर्नची, पेटी. भामरागडच्या वाटेवर गाडीला धक्के बसत, ती पेटी माझ्या पोटात रुते, आणि मला ठाऊक असे की आपण ज्या जोडणीसाठी चाललोय ती पक्की आहे. एका केंद्राच्या ओसरीवर एक माडिया आदिवासी म्हातारा बसला होता. साडूंनी आधी भोंगा वाजवून पाहिला, तो खणखणीत वाजला, आणि त्यांनी लगेच तार कापली. म्हातारा बराच वेळ पाहत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "चांगला हाय तं काऊन तोडते?" साडूंनी ऐकलं नाही. मी ऐकलं. मी म्हणालो, "बघून घ्यावं लागतं, बाबा." तो म्हणाला, "तू बघून नाई राह्यला. तू खाली बघून राह्यला."

गेल्या महिन्यात साडूंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डाग द्यायचं काम बंद केलं. मंगळवारी त्यांनी मला बोलावलं आणि ती इस्त्रीची पेटी माझ्या स्वाधीन केली, की आता तुम्ही करा. पेटी उघडली तर झाकणावर चिठ्ठी. त्यांच्याच हस्ताक्षरातली, कडा पिवळ्या पडलेली. पेटी नेहमी माझ्या मांडीवर असूनही ती मला कधी दिसली नव्हती, कारण ती झाकणाच्या आतल्या बाजूला होती आणि पेटी नेहमी तेच उघडत. लिहिलं होतं: "डाग देण्याची इस्त्री. हिच्या मालकाच्या कच्च्या जोडणीमुळे लसी वाया गेल्या."

त्या घरात आजवर कुणी खोटी चिठ्ठी लावलेली नव्हती. सहा वर्षं मी कितीतरी वाक्यं तयार करून मोडली होती. आता एकच वाक्य निघालं, आणि त्या घरात ते शिवीहून जड आहे. मी म्हणालो, "भाऊजी, हे नाव चूक आहे."

ते ताठ बसले. डोळ्यावरचा हिरवा पडदा वर केला. "काऊन? काय चुकलं?"

मी सगळं सांगितलं. अर्धा भाग, साखरपुडा, घुगऱ्या, "होतं" म्हणालो ते, दोन ओळी, चार मिनिटं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता पेटीच्या कडीकडे बघत बोलत होतो. संपल्यावर ते एकदम उठले, खुर्ची मागे पडली, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "अवो, आयकलं काय? जोडनी पक्की होती!"

ताई पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "मंग माह्या मिक्सरचा काऊन सत्यानास केला?"

थोरले साडू हसत होते. त्या वयाच्या माणसाला मी असं हसताना पाहिलेलं नाही. खांदे हलत होते, आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी येत होतं, म्हणून ताई ओरडत होती की हसू नका. मी शिव्यांची वाट पाहत होतो. सहा वर्षं ज्याला भीत होतो ते आलंच नाही. छातीवरून काहीतरी उचललं गेलं, आणि त्याबरोबर लाजही वाटली, की हा माणूस सहा वर्षं जे ओझं वाहत होता ते खाली ठेवायला माझं एक वाक्य पुरलं असतं. ते शांत झाल्यावर म्हणाले, "मास्तर, तुमी सहा वर्सं माह्या मांगं गाडीवर बसून आले नं?"

"हो."

"जोडनी पक्की हाये हे मालूम असून?"

"हो."

"मंग माह्याहून तुमचेच जास्त हाल झाले." असं म्हणून त्यांनी नखानं चिठ्ठी खरवडायला घेतली. कागद निघाला, डिंकाचा डाग राहिला. त्या डागाकडे पाहतच त्यांनी विचारलं, "सिस्टरबाईले सांगतलं काय?"

"नाही."

"मंग हे बारसं अर्धंच झालं," ते म्हणाले, आणि आत जाऊन झोपले. ताई सांगत होती की दुपारचे असे गाढ झोपलेले ते तिनं फार दिवसांत पाहिले नव्हते.

माझ्या त्या भागाला आता पुन्हा नंबर मिळालाय. बारा दिवस तो बिननावाचा राहील. त्याचे दोन तुकडे केलेत. एक लिहितो, एक वाजवतो. लिहिणाऱ्याचं नाव बहुतेक "नोंद" होईल, साधं. रविवारी साडू बाजारात जाऊन विचारणार आहेत. या वेळी मी बरोबर जाणार आहे, आणि त्या वास्तेवाल्या बाईनं मला काही विचारलं तर खरं सांगणार आहे.

सिस्टरबाईंची बदली होऊन त्या आता कोरपन्याकडे आहेत. पत्ता साडूंनी काढला. गाडी मी चालवायची, ते मागे बसणार, कारण त्यांना अजून उन्हात नीट दिसत नाही. मेमो देणाऱ्या कार्यालयासाठी मी सगळं कागदावर लिहून, खाली माझं पूर्ण नाव घालून ठेवलंय. पण कागद नंतर. आधी त्यांच्या दारात उभं राहून मला त्यांना एवढं सांगायचं आहे, आणि ते मी अजून सांगितलेलं नाही: बाई, तुम्हाला आवाज आला नाही, कारण आवाज झालाच नव्हता.